पेट्रोलची वेगवान गाडी सोडून इलेक्ट्रिक घेताना: वीस महिन्यांची हकीगत

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार. गॅरेजमध्ये थंड इंजिन सुरू केलं आणि पहिले दोन-तीन सेकंद आतून खडखड ऐकू आली. नऊ वर्षं ही गाडी सांभाळणारे मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग टोक चार बोटं सरकवून पुन्हा ऐकलं. "टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला झालाय. उघडायचंच आहे तर चेन, गाइड सगळंच बदलू. आणि क्लचही संपत आलाय तुमचा."

सगळं धरून खर्चाचा अंदाज निघाला तो माझ्या सात महिन्यांच्या पेट्रोलएवढा. या लेखात बाकीचे खर्चही मी याच मापाने सांगणार आहे. जुन्या गाडीला महिन्याला लागणारं पेट्रोल म्हणजे एक माप. घरात निर्णय घेताना आम्ही हेच माप वापरलं आणि त्यामुळे चर्चा खूप सोपी झाली.

गाडी होती दोन लिटर इंजिनाची, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) नसलेली, सहा गिअरची हॅचबॅक. वजन १,२५० किलो. साडेसात हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मनापासून फिरायची. रोजचं ऑफिस, महिन्यातून एखादा घाट आणि वर्षातून तीन-चार ट्रॅक डे (आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचे दिवस), हा तिचा संसार. दुरुस्ती करून घेतली. नऊ दिवस लागले. पण घरी परतताना पहिल्यांदाच मनात आलं, ही गेली की पुढे काय?

ट्रॅकवर भेटणाऱ्या आम्हा मित्रांत त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. एक गट म्हणायचा, पेट्रोलचे दिवस भरले. २०३५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडता कामा नये, असा नियम युरोपियन युनियनने २०२३ मध्ये मंजूर केला होता. डॉजने व्ही८ इंजिनाच्या चॅलेंजरचं उत्पादन त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये थांबवलं होतं. आणि रिमॅकची इलेक्ट्रिक नेव्हेरा शून्यापासून ताशी ४०० किलोमीटर गाठून पुन्हा शून्यावर यायला ३० सेकंदही घेत नव्हती. दुसरा गट म्हणायचा, सरळ रस्त्यावर पळण्यात चालवणाऱ्याचं कसब काय? पुढे जून २०२४ मध्ये त्यांच्या हाती मोठाच मुद्दा लागला. नेव्हेरा बनवणाऱ्या रिमॅकशी आता एकाच कंपनीत जोडलेल्या बुगाटीने नवी टुरबियाँ दाखवली, ती ८.३ लिटरच्या व्ही१६ पेट्रोल इंजिनासह. सोबत तीन इलेक्ट्रिक मोटरी होत्या, पण इंजिन त्यांनी सोडलं नव्हतं.

मला दोन्ही बाजूंचं पटायचं आणि म्हणूनच वादातून हाती काही लागत नव्हतं. मन जरा शांत झालं ते एका जुन्या गोष्टीने. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिक होती. १८९९ मध्ये कामीय जेनात्झी या बेल्जियन माणसाने 'ला जामे कोंतांत' नावाच्या टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीत बसून तो वेग गाठला. म्हणजे वीज आणि वेग यांची ओळख पेट्रोलच्या सुवर्णकाळाआधीची आहे. तेव्हा ठरवलं, ऐकीव मतं बाजूला ठेवायची आणि स्वतः चालवून बघायचं.

मार्च ते जून २०२४ मध्ये मी चार इलेक्ट्रिक गाड्या चालवल्या. पहिली ९ मार्चला. विक्री प्रतिनिधी शेजारी बसला होता. मोकळा रस्ता आला तसा म्हणाला, "आता पूर्ण दाबा, सर." दाबलं. डोकं मागच्या उशीवर आदळलं आणि पोटात खड्डा पडला. मोटरला पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) चाक फिरायच्या आधीपासून मिळतो, माझ्या इंजिनाला त्यासाठी पाच हजार आरपीएम गाठावे लागायचे. हे वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि मानेला कळणं वेगळं. दुसऱ्यांदा केलं तेव्हाही हसू आलं. पाचव्यांदा मात्र आलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी वहीत एवढंच लिहिलं: "वेग आहे. चालवणाऱ्याला काम नाही."

सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर निर्णय घेऊ नका. त्या वीस मिनिटांत फक्त धक्का कळतो. गाडी निदान एका रात्रीसाठी मागा. मला चारपैकी दोन ठिकाणी मिळाली, अनामत ठेवून आणि विम्याच्या एका अर्जावर सही करून. घरच्या सगळ्यांना मागे बसवा, पावसाळी संध्याकाळी चालवा, चार्जिंग स्वतःच्या हाताने करा.

दुसऱ्या गाडीने मला खरं कोडं घातलं. एका वळणाआधी, जुन्या गाडीत जिथे ब्रेक लावला असता तिथेच लावला आणि गाडी आत घुसली ती मला वाटत होतं त्यापेक्षा फार वेगाने. नजर स्पीडोमीटरवर गेली तेव्हा घाम फुटला. जुन्या गाडीत मी स्पीडोमीटर पाहतच नसे. तिसरा गिअर, सहा हजारांचा सूर, म्हणजे वेग किती ते कानाला ठाऊक असायचं. आवाज गेला की केवळ मजा जाते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माझी माहितीच गेली होती. नऊ वर्षं मी वेग कानांनी मोजत आलो होतो, आणि हे मला त्या वळणापर्यंत माहीत नव्हतं.

मे महिन्यात ह्युंदाईची आयोनिक ५ एन चालवायला मिळाली. तिच्यात आठ गिअरचा आभास निर्माण करणारी व्यवस्था आहे. स्टीअरिंगमागचा पॅडल ओढला की मोटर क्षणभर ताकद तोडते, छोटा हिसका बसतो, स्पीकरमधून इंजिनासारखा आवाज चढतो-उतरतो. गिअर वेळेवर बदलला नाही तर गाडी लिमिटरवर अडकल्यासारखी थांबून राहते. मी मनात नकार घेऊनच बसलो होतो. इंजिन नाही, मग सोंग कशाला? पण तिसऱ्या वळणापासून माझे ब्रेकचे अंदाज बरोबर यायला लागले, कारण कानाला पुन्हा वेग कळत होता. जे मित्र या आवाजाला खेळणं म्हणतात त्यांना मी एवढंच सांगतो, की माझ्यापुरतं ते खेळणं नव्हतं. मात्र डाव्या पायाचा क्लच, गिअरचा लोखंडी खटका, चवडा ब्रेकवर ठेवून टाचेने ॲक्सिलरेटरला दिलेली टिचकी, यातलं काही परत येत नाही. ते गेलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

वजनाचा प्रश्न मी कागदावर सोडवून बघितला. पन्नास लिटर पेट्रोलचं वजन साधारण ३७ किलो. त्यात ऊर्जा साडेचारशे किलोवॉट-तासांच्या आसपास, पण इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं आणि चाकापर्यंत जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा पोचतो. मोटर मिळालेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वापरात आणते. तरीही ऐंशी किलोवॉट-तासांची बॅटरी चारशे ते सहाशे किलो भरते. मला आवडलेली गाडी २,१०० किलोची होती, जुनीच्या जवळजवळ पावणेदोनपट. त्याच वेगावरून थांबायचं तर ब्रेक, टायर आणि रिजनरेशन (मोटरनेच वेग कमी करून वीज परत बॅटरीत भरणं) यांनी मिळून तेवढीच जास्त ऊर्जा पचवायची. हा मुद्दा कुणी कितीही रेकॉर्ड दाखवले तरी पुसला जात नाही.

दुसऱ्या पारड्यातही तसंच ठोस काही होतं. उंचावर हवा विरळ होते, तशी टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. घाटमाथ्यावर माझी गाडी धापा टाकायची. मोटरला श्वासच घ्यायचा नसतो. २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या आयडी.आर या इलेक्ट्रिक गाडीत रोमँ द्युमाने अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगराची चढण ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत पार केली. चौदा हजार फुटांवर संपणारी ती चढण आठ मिनिटांच्या आत तोवर कुणीही चढलं नव्हतं.

शेवटी हिशेब मांडला तो माझ्या वर्षाचा. साडेतीनशे दिवस रस्ता, तीन-चार दिवस ट्रॅक. रस्त्यावर इलेक्ट्रिक गाडी माझ्या गाडीपेक्षा सरस होती, शांत होती, घरच्यांना आवडली होती. ९ ऑगस्ट २०२४ ला बुकिंग केलं. (कोणती गाडी ते लिहीत नाही, कारण पुढे जे काही बिनसलं त्यात गाडीचा दोष नव्हता.) दहा आठवड्यांचा वायदा मिळाला. तो तोंडी होता. इथे माझी चूक झाली. उशीर झाला तर बुकिंगची रक्कम परत मिळेल का आणि किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्यायला हवं होतं.

आता कागदपत्रं. यातच सगळ्यात जास्त दमछाक झाली, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या गाडीचं कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी विक्रीची तयारी करताना लक्षात आलं, की नोंदणीच्या कागदावर बँकेचा बोजा तसाच आहे. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो, असा माझा समज होता. बँकेत गेलो तर माझी सही नऊ वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळेना. नवा नमुना, ओळखपत्रं, पुन्हा अर्ज. नो ड्यूजचं (कर्ज बाकी नसल्याचं) पत्र हाती यायला १९ दिवस लागले आणि बोजा उतरून सुधारित कागद मिळायला आणखी बारा. तुमची गाडी विकायची नसली तरी आजच नोंदणीचा कागद काढून बघा. कर्ज फिटून गेलं असेल तर हे काम आत्ताच उरका.

९ नोव्हेंबरला गाडी विकली. घेणारी मुलगी विशीतली, नुकतीच ट्रॅकवर यायला लागलेली. तिने पैशांची घासाघीस केली नाही, चेनच्या दुरुस्तीची बिलं मात्र दोनदा वाचली. ते मला फार आवडलं. ताबा देताना तारीख, वेळ आणि मीटरचं रीडिंग दोन प्रतींवर लिहून दोघांनी सह्या केल्या, म्हणजे त्यानंतरचा दंड किंवा अपघात माझ्या नावावर येऊ नये. मालकी हस्तांतर झाल्याची पोच हातात पडेपर्यंत विमा रद्द केला नाही. गाडीच्या स्क्रीनमधून फोनबुक आणि घरचा पत्ता पुसला. दोन्ही किल्ल्या दिल्या. ती गेल्यावर मी पार्किंगमध्ये बराच वेळ उभा होतो. फरशीवर तेलाचा एक जुना डाग होता. तो मी पुसला नाही.

दहा आठवडे ऑक्टोबरात संपले होते. गाडी आली नव्हती. मी गाडीविना राहिलो, तेही दहा आठवडे. त्याआधी, ऑक्टोबरच्या अखेरीस, शाओमीच्या एसयू७ अल्ट्राच्या प्रोटोटाइपने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग रेसट्रॅकच्या उत्तर वळशाची फेरी ६ मिनिटं ४६.८७४ सेकंदांत मारल्याची बातमी आली. फोन बनवणाऱ्या कंपनीची चार दारांची गाडी! मित्रांत पुन्हा रण पेटलं. मी मात्र त्या वेळी चार्जरच्या अर्जात गुरफटलो होतो.

चार्जरसाठी तीन परवानग्या लागल्या: बिल्डिंगच्या कमिटीची, वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेण्याची आणि काम झाल्यावर तपासणीची. कमिटीला आगीची भीती होती. ती भीती खोटी ठरवायला मी गेलो नाही. परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला घेऊन बैठकीला गेलो, त्याने आराखडा टेबलावर ठेवला: मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच), गळती झाली तर लाइन तोडणारा आरसीसीबी, वेगळं अर्थिंग. दोन बैठकांत होकार मिळाला. भार वाढवायच्या अर्जाला सहा आठवडे लागले. एकदा तो परत आला, कारण वीजबिलावर वडिलांचं नाव होतं आणि अर्जावर माझं. बिल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

मीटरपासून माझ्या जागेपर्यंत केबल ३८ मीटर. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सहा स्क्वेअर एमएमची चालेल, पण दहाची टाका. रात्रभर बत्तीस अँपिअर ओढणार आहे ती, तापायला नको." दहाची टाकली. ७.४ किलोवॉटचा चार्जर, केबल, मजुरी आणि शुल्क मिळून पाच मापं गेली. विम्याचा हप्ता जुन्या गाडीच्या दीडपट झाला. विमा घेताना तीन प्रश्न लेखी विचारा: खालून दगड लागून बॅटरीला इजा झाली तर भरपाई मिळते का, चार्जिंगची केबल धरली आहे का, आणि ट्रॅकवरचं नुकसान वगळलंय का. माझ्या पॉलिसीत ते वगळलं होतं. ट्रॅक डेला वेगळा एका दिवसाचा विमा घ्यावा लागतो.

१८ जानेवारी २०२५ ला गाडी आली. तेवीस आठवड्यांनी.

पहिले दोन महिने शिकण्यात गेले, आणि ते गोड होते. घरी रात्री ऐंशी टक्क्यांपर्यंतच चार्ज करतो, प्रवासाच्या आदल्या रात्रीच शंभर. (हे बॅटरीच्या रसायनावर अवलंबून आहे. एलएफपी प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून शंभर करायला सांगतात. मॅन्युअल बघा.) लांबच्या प्रवासात वेगवान चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के भरून निघायचं, त्यापुढचा भाग फार हळू भरतो. नॅव्हिगेशनमध्ये चार्जरचा पत्ता टाकला की गाडी वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणते. थंडीत हे विसरलो तर चार्जिंगला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. महिन्याचं विजेचं बिल पाव मापाने वाढलं. मित्रांपुढे मी हा आकडा फार उच्चारत नाही. वेगवान गाडी स्वस्त पडते म्हणून कुणी घेत नाही, आणि टायर जुन्यापेक्षा लवकर झिजताहेत हेही त्याच हिशेबातलं आहे.

१२ एप्रिलला ट्रॅकवर गेलो. जुन्या गाडीची माझी सर्वोत्तम फेरी १:५२.८. नव्या गाडीत दुसऱ्याच फेरीला १:४८.९. चार सेकंद! पिटमधून (ट्रॅकलगतच्या थांब्यातून) मित्राने दोन्ही हात वर केले. पण पाचव्या फेरीला स्क्रीनवर बॅटरीचं तापमान पिवळं झालं, ताकद उतरू लागली आणि सहावी फेरी १:५३.६. जुन्या गाडीपेक्षाही हळू. ब्रेकचं पेडल लांब जायला लागलं तसा मी आत आलो. चार्ज ९० वरून ४८ टक्क्यांवर आला होता. ट्रॅकवर वेगवान चार्जर नव्हता, सर्वात जवळचा १४ किलोमीटरवर. दुपारचं एक सत्र त्यातच गेलं. शेजारच्या पेट्रोल गाडीवाल्याने कॅन उपडा केला आणि पाच मिनिटांत तो पुन्हा ट्रॅकवर.

पण त्याच दिवशी एक गोष्ट घडली जी मला कुणीच सांगितली नव्हती. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे मला पहिल्यांदाच टायर ऐकू आले. लांब उजव्या वळणात पुढचा डावा टायर आधी गुणगुणतो, मग त्याचा सूर खाली येतो, आणि सूर खाली आला की गाडीचं नाक बाहेर जायला लागतं. तो सूर बदलण्याच्या आत हात जरा सैल केला तर पकड टिकते. जुन्या गाडीत हे सगळं इंजिनाच्या आवाजाखाली दबून गेलेलं होतं. ज्या कानांनी आजवर वेग मोजला, त्यांना मी आता पकड मोजायला शिकवतोय.

उन्हाळाभर तेच केलं. उच्च तापमान सोसणारं ब्रेक फ्लुइड आणि ट्रॅकचे पॅड घातले. फेऱ्यांची आखणी बदलली: एक गरम करायची, तीन जोरात, एक पूर्ण थंड. सत्रांच्या मध्ये गाडी सावलीत आणि कूलिंग सुरू. ४ ऑक्टोबरला याच पद्धतीने तिसऱ्या फेरीला १:४७.६ आलं आणि दिवसभरात तापमान एकदाही पिवळं झालं नाही. सलग वीस मिनिटं झुंजायचं असेल तर मात्र आजही हलकी पेट्रोल गाडी घ्यावी, असंच मी कुणालाही सांगेन. वर्षातून एकदा मी तशी गाडी ट्रॅकवर भाड्याने घ्यायचं ठरवलंय. त्याचे पैसे तेल-फिल्टर-प्लगच्या वाचलेल्या सर्व्हिसमधून निघतात.

जुन्या गाडीची नवी मालकीण त्या दिवशी ट्रॅकवर होती. साडेसात हजारांचा तो सूर पिटच्या भिंतीवरून ऐकला आणि घसा दाटून आला. दुपारी ती शेजारी बसायला आली. तीन फेऱ्या काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, टायर बोलतात की हो!"

परवा ब्रेक दाखवायला मिस्त्रींकडे गेलो. रस्त्यावर रिजनरेशनच बहुतेक काम करतं, त्यामुळे मागच्या कॅलिपरच्या पिना वापराअभावी जाम होत आल्या होत्या. वर्षातून एकदा त्या सोडवून ग्रीस करा, गाडीला शंभर किलोमीटरचाही ट्रॅक दिसला नसला तरी. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, एका हाताने मागचं चाक जोरात फिरवलं, दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवली आणि डोळे मिटले. चाक थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.

"बेअरिंग चांगलं आहे," ते म्हणाले. "पुढचे पॅड मार्चच्या आत बदला."